जमा, नावे आणि दिशा

मी बी.एस्सी. भौतिकशास्त्र. ही ओळख लग्नाच्या वेळी स्थळं बघताना एकदा कामी आली, त्यानंतर कुणी विचारली नाही. पदवी हातात पडली त्याच वर्षी बँकेची परीक्षा पास झालो आणि पुढची सव्वीस वर्षं जमा-नावे, खतावण्या आणि संध्याकाळचं टॅली यांत गेली. गेल्या वर्षी लेक अकरावी सायन्सला गेली. जून-जुलैच्या सुमाराला एका रात्री स्थिरविद्युतचा धडा घेऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, तुला येतं ना हे?"

या प्रश्नाला कुठला बाप नाही म्हणेल? "कूलोमचा नियम? डाव्या हातचा मळ!" असं म्हणून मी चष्मा पुसला.

पुढच्या काही महिन्यांत माझ्या दोन्ही हातांची जी शोभा झाली, तिची ही नोंद.

१. सूत्र पाठ असणं आणि गणित येणं, या दोहोंच्या मधल्या फटीत एक अख्खी पदवी मावते. सूत्र मी खडाखडा म्हणून दाखवलं. दोन बिंदुप्रभारांमधलं बल प्रभारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. स्थिरांक नऊ गुणिले दहाचा नववा घात. लेक जरा दिपली, असं मला वाटलं. मग पहिलं उदाहरण आलं. एक-एक मायक्रोकूलोमचे दोन प्रभार, मधलं अंतर १० सेंटिमीटर. मी अंतराच्या जागी सरळ १० घातले आणि उत्तर काढलं ०.००००९ न्यूटन. खरं उत्तर ०.९. सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं होतं. चूक शंभर पटींची, पण अंतराचा वर्ग होत असल्यामुळे शंभराचे दहा हजार झाले. वर्गाचं हेच वाईट, चुकीलाही तो चक्रवाढ लावतो. बँकेत मी दहा हजार पटींची चूक केली असती, तर हा लेख निलंबनाच्या काळात लिहिला असता.

२. बेरीज आपल्याला येते, हा माझा आयुष्यातला सगळ्यात जुना गैरसमज निघाला. समभुज त्रिकोण, तिन्ही टोकांना एक-एक मायक्रोकूलोम, बाजू तीच १० सेंटिमीटर. वरच्या प्रभारावर एकूण बल किती? खालचे दोघं प्रत्येकी ०.९ न्यूटननं ढकलणार. मी तोंडी सांगितलं, "एक पूर्णांक आठ." पुस्तकात उत्तर होतं १.५६. "छापील चूक आहे," मी म्हणालो, आणि हे वाक्य मी ज्या ठामपणे म्हणालो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. लेकीनं काही न बोलता दोन बाण काढले. एक डावीकडून वर जाणारा, एक उजवीकडून. दोघांत ६० अंश. प्रत्येक बाणाचा सरळ वर जाणारा भाग ०.७८, दोन्हींचे मिळून १.५६. आडवे जाणारे भाग ०.४५ आणि ०.४५, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, म्हणून एकमेकांना खाऊन गेले. माझ्यातला कॅशियर अस्वस्थ झाला. हे ०.४५ कुठल्या खात्यात गेले? कुठल्याच नाही. दोघं आडवे एकमेकांविरुद्ध रेटत राहिले आणि त्या रेट्याचा वरच्याला उपयोग शून्य. आमच्या शाखेत दोन युनियन होत्या. त्यांची मला त्या रात्री फार आठवण आली.

३. ऋण चिन्ह हा मोठा मायावी प्राणी आहे, हे मला बँकेत असूनही माहीत नव्हतं. प्रभार ऋण असला की मी तो वजा चिन्हासकट सूत्रात घालायचो, उत्तर वजा यायचं. मग आकृती बघून 'हे आकर्षण, म्हणजे बाण उलटा' म्हणून पुन्हा एकदा दिशा फिरवायचो. एकच नोंद दोनदा! वजा गुणिले वजा अधिक, आणि आकर्षणाचं गणित सुखानं प्रतिकर्षण दाखवायचं. आता मी आधी फक्त आकडा काढतो, चिन्ह दाराबाहेर ठेवून. दिशा आकृतीला विचारतो. कोण कुणाला ओढतं नि कोण ढकलतं, हे बाणानं दाखवायचं आणि मगच क्ष आणि य दिशांची खाती उघडायची. एकच नोंद दोनदा करण्याच्या नेमकं उलट पाप हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानं केलं. कूलोमच्या आधी, १७७० च्या दशकातच, त्यानं प्रयोगानं व्यस्त वर्गाचा नियम ताडून पाहिला होता, पण तो छापलाच नाही. कागद पडून राहिले ते थेट मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये प्रसिद्ध करेपर्यंत. तोवर नियमाला कूलोमचं नाव लागून शंभरेक वर्षं होत आली होती. व्हाउचर खणात राहिलं की व्यवहार झालाच नाही, हे आम्ही नव्या क्लार्कला पहिल्या दिवशी सांगायचो.

४. प्रभारांना भीडभाड नसते, आणि म्हणूनच गणित सुटतं. मला आधी वाटायचं की चार प्रभार एकत्र आले म्हणजे चौघांचं मिळून काहीतरी भलतंच गुंतागुंतीचं बल होत असणार. तसं होत नाही. पहिला प्रभार आपल्यावर जे बल लावतो, ते दुसरा-तिसरा हजर असला काय आणि नसला काय, तेवढंच. पुस्तकात याला अध्यारोपणाचं तत्त्व असं भारदस्त नाव आहे. अर्थ एवढाच, की एका वेळी एकाशी हिशेब करा, बाकीच्यांना हातानं झाका, आणि शेवटी बाण जोडा. हे किती विलक्षण आहे ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण माणसांत असं कुठे असतं? केबिनमध्ये ऑडिटर बसलेला असला की आमच्या मॅनेजरांचा आवाज वेगळा, नसला की वेगळा. त्या दोघांची बेरीज मला नोकरीभर जमली नाही. बाणांची जमली. लेक प्रत्येक गणिताला डाव्या हाताचा तळवा वहीवर ठेवून खरोखरच बाकीचे प्रभार झाकायची. पहिल्यांदा मी हसलो. आता मीही ठेवतो.

५. विद्युत क्षेत्र म्हणजे व्याजदर, हे मला कुणी पदवीच्या वर्गात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बल समजायला सोपं, दोघं जण आणि त्यांची ओढाताण. पण 'क्षेत्र' म्हणजे जिथे कुणीच नाही तिथेही काहीतरी आहे, हे बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत मी नुसतं पाठ केलं होतं. लेकीला समजावताना तोंडून निघून गेलं, "अगं, आमच्या शाखेत दरांचा फलक असतो. ठेव ठेवायला कुणी येवो न येवो, दर लिहिलेला असतोच. तू किती पैसे ठेवतेस त्यावर तुझं व्याज." एक मायक्रोकूलोमपासून १० सेंटिमीटरवर क्षेत्र असतं नऊ लाख न्यूटन दर कूलोमला. हा झाला फलक. तिथे एक मायक्रोकूलोम आणून ठेवला की बल ०.९ न्यूटन, दोन ठेवले की १.८. ती म्हणाली, "पण कुणी पाच कोटी घेऊन आला तर तुम्ही दर बदलता ना?" बदलतो. मोठ्या ठेवीला वरून वेगळा दर विचारावा लागतो. "मग म्हणूनच परीक्षण-प्रभार अगदी छोटा घ्यायचा. नाहीतर तो आजूबाजूच्या प्रभारांनाच हलवेल." उपमा माझी होती, पण तिच्यातून काही शिकलो तो मीच. असं न दिसणारं क्षेत्र पहिल्यांदा रेषांनी मनात उभं केलं ते मायकेल फॅरडेनं. बुकबाइंडरकडे उमेदवारी करून वर आलेला हा माणूस, गणित जवळजवळ न येणारा. मला गणित येत होतं, आणि एक रेषा दिसत नव्हती.

६. शून्य उत्तर आलं म्हणजे तिथे काहीच चाललेलं नाही, असं नसतं. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर सारखे चार प्रभार, मध्यबिंदूवर क्षेत्र किती? मी दोन पाठकोरे कागद भरले. कर्ण काढला, त्याचं निम्मं केलं, वर्ग केला, चार बाणांचे आठ घटक मांडले, आणि उत्तर आलं शून्य. लेक कॅरम बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाली, "चार भोकांत चार चार्ज आणि मधे राणी. समोरासमोरचे कटतात. झालं." अर्ध्या मिनिटाचं काम. मग तिनं मला एक गणित घातलं. एका भोकातला चार्ज काढून घेतला तर? मी पुन्हा पेन उचललं. तिनं माझा हात धरला. काढलेल्याच्या समोरचा आता एकटा मोकळा झाला, बाकीचे दोघं अजून एकमेकांत अडकलेलेच. म्हणजे राणीवर जे बल येईल ते त्या एकट्या समोरच्याचं, आणि ढकलली जाईल ती नेमकी रिकाम्या भोकाकडे. मी कॅरम चाळीस वर्षं खेळतोय, आणि राणी इतकी सहज कधी गेली नाही. आमच्याकडे मागच्या टेबलावरचा एक क्लार्क दीर्घ रजेवर गेला, तेव्हा त्याच्या समोर बसणाऱ्याचा जोर आम्हाला पहिल्यांदा कळला. तोवर दोघं मिळून शून्य दिसत होते.

७. बीजगणित खोटं बोलत नाही, पण विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतं. अधिक चार आणि वजा एक मायक्रोकूलोम, अंतर १० सेंटिमीटर. क्षेत्र शून्य कुठे? मी दोघांच्या मधे शोधू लागलो. शून्य म्हणजे मधे कुठेतरी, हा माणसाचा स्वभावच आहे. भांडण मिटवायला आपण मधेच बसतो ना! समीकरण मांडलं, वर्गसमीकरण आलं, दोन उत्तरं आली: छोट्या प्रभारापासून १० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला, किंवा ३.३ सेंटिमीटर आतल्या बाजूला. मला आतलं आवडलं. पण आतल्या बिंदूवर बाण काढून पाहिले तर दोन्ही एकाच दिशेला! मोठा धन प्रभार तिकडेच ढकलतोय, छोटा ऋण तिकडेच ओढतोय. आकडे सारखे, म्हणून समीकरणानं तो बिंदू दिला. कटण्याऐवजी ते दुप्पट होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण वर्ग करताना दिशा मी आधीच हरवून बसलो होतो. खरा शून्यबिंदू बाहेर, छोट्याच्या पलीकडे. तिथे मोठा चौपट असला तरी दुप्पट लांब आहे, आणि दुपटीचा वर्ग चार. छोटा दुबळा, पण जवळचा. हिशेब चोख मिटतो.

८. पुस्तकातले प्रभार फार श्रीमंत असतात. हे घरच्या प्रयोगानं कळलं. जुलैमध्ये आम्ही चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या टेबलावर चिकटवून खर्रकन ओढल्या आणि पेन्सिलीला शेजारी शेजारी टांगल्या. दोन्हींवर एकाच जातीचा प्रभार, म्हणजे त्या एकमेकींपासून दूर जायला हव्यात. त्या ढिम्म. बाहेर पाऊस, हवेत ओल. प्रभार टिकतोय कशाला? हवेत प्रभार गळून जातो ही रड खुद्द कूलोमचीही होती. हा मूळचा लष्करी अभियंता. बारीक तारेच्या पिळावर बल मोजणाऱ्या त्याच्या तराजूचे निबंध १७८५ चे, आणि त्यातला एक या गळतीवरच आहे. आम्ही थांबलो. डिसेंबरात आमच्या सांगलीची हवा कोरडी झाली आणि पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकल्या. खालची टोकं सहा सेंटिमीटर फाकली, म्हणजे मध्याशी तीन. दहा सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या कोपऱ्यावरच्या सोनाराच्या काट्यावर ठेवल्या तर एक ग्रॅम भरल्या. ("काय गहाण ठेवताय, साहेब?" त्यानं विचारलं.) म्हणजे एक पट्टी ०.१ ग्रॅम. वजन आणि कोन यांवरून बल आलं सुमारे ०.०००३ न्यूटन, आणि त्यावरून प्रभार साडेपाच नॅनोकूलोमच्या आसपास. पट्टी काही बिंदू नव्हे, तेव्हा हा सगळा ढोबळ हिशेब. पण ढोबळ असला तरी अंगावर काटा आणणारा. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ गुणिले दहाचा वजा एकोणिसावा घात. त्यानं भागलं तर पट्टीवर इकडचे तिकडे झालेले इलेक्ट्रॉन भरतात जवळपास साडेतीन हजार कोटी! मोठी रक्कम वाटते ना? पण एवढ्याशा पट्टीत मुळात इलेक्ट्रॉन असतात सुमारे तीनवर बावीस शून्यं. म्हणजे लाख कोटींत एकाचा फरक. एवढ्या एका फरकानं पट्टी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलली जाते. आम्ही एका पैशासाठी रात्री नऊपर्यंत टॅली शोधायचो, तेव्हा लोक हसायचे. निसर्ग आमच्यापेक्षा काटेकोर निघाला.

आणि पुस्तकातला तो एक मायक्रोकूलोम? आमच्या पट्टीच्या जवळपास दोनशे पट. गोटीएवढ्या गोळीवर तो साध्या हवेत टिकणारच नाही, कारण मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट क्षेत्र झालं की हवाच फाटते आणि ठिणगी पडते. एक-एक कूलोमचे दोन प्रभार एक मीटरवर ठेवले तर बल नऊ अब्ज न्यूटन. दहा टनी उसाचे नव्वद हजार ट्रक एकावर एक रचले तर जेवढा भार होईल तेवढं. तरी एक अँपिअरचा मोबाइल चार्जर दर सेकंदाला एक कूलोम तारेतून नेतो आणि तार जागची हलत नाही. जाणाऱ्या प्रत्येक ऋणाशेजारी एक धन बसलेला असतो म्हणून. सगळं घर या बरोबरीवर उभं आहे.

९. शेवटी माझ्या धंद्याचं काहीतरी आलं, आणि तिथेच मी सगळ्यात सपशेल पडलो. पुढच्या भागात विद्युत विभव आलं. विभव अदिश, त्याला दिशा नाही, बाण नाही, नुसतं जमा आणि नावे. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. अधिक एक आणि वजा एक मायक्रोकूलोम, १० सेंटिमीटरवर, मध्यबिंदूवर विभव? पाच सेंटिमीटरवरून एकाचे जमा १ लाख ८० हजार व्होल्ट, दुसऱ्याचे नावे १ लाख ८० हजार. "शून्य. टॅली झालं," मी पुस्तक मिटत म्हणालो.

"आणि क्षेत्र?"

"तेही शून्यच असणार की."

तिनं दोन बाण काढले. धनाचा ढकलणारा, ऋणाचा ओढणारा, दोन्ही एकाच दिशेला. प्रत्येकी ३६ लाख, एकूण ७२ लाख. हवा ३० लाखांवर फाटते, हे आम्ही पट्ट्यांच्या वेळीच शिकलो होतो. म्हणजे खात्यात शिल्लक शून्य, आणि तिथेच ठिणगी पडायला आलेली.

मी बराच वेळ त्या आकृतीकडे बघत बसलो. सव्वीस वर्षं संध्याकाळी टॅली झालं की मी दिवा मालवून, शाखा आता शांत झाली असं समजून घरी यायचो. कुणाच्या किती ओढी कुठल्या दिशेला लागल्या आहेत, ते त्या शून्यात कधी दिसलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. रकान्यात बाणाला जागाच नव्हती.

हल्ली मी कुठलाही हिशेब मांडायला घेतला की हात आधी समासात एक छोटा बाण काढतो. परवा वाण्याच्या यादीवरही निघाला. बायको म्हणाली, "साखरेची दिशा कुठली?" लेक पलीकडच्या खोलीतून ओरडली, "आकर्षणाची!"